पोट्टा भारी की पोगाचार?

2025 चा सायकल शर्यतींचा मोसम संपला तशी दारव्ह्याच्या चहाटपरीवर कापसाच्या भावाखालोखाल हीच चर्चा. "भाऊ, हा पोट्टा पोगाचारले खाते!" पोट्टा म्हणजे फ्रान्सचा सायकलपटू पॉल सेक्सास, जन्म 2006 चा. आणि पोगाचार म्हणजे स्लोव्हेनियाचा सायकलपटू तादेई पोगाचार.

वयाला वय लावलं तर पोट्टा खरंच पुढे. नवोदितांची 'तूर द लाव्हनीर' शर्यत पोगाचारने 2018 मध्ये जिंकली तेव्हा तो 19 चा होता. सेक्सासने 2025 मध्ये 18 चा असतानाच मारली.

पण समोरासमोर? ऑक्टोबर 2025 मधली युरोपियन अजिंक्यपदाची शर्यत बघा. पोगाचार पहिला, बेल्जियमचा एव्हेनेपूल दुसरा, सेक्सास तिसरा, तोही साडेतीन मिनिटांहून जास्त मागे. 19 व्या वर्षी कांस्य ही काही चेष्टा नाही, पण एवढं अंतर चढावर भरून काढायचं म्हणजे जीव निघतो.

आणि तीन आठवड्यांच्या शर्यतीचं काय? पोगाचार पहिल्याच खेपेला, 2019 च्या स्पेनमधल्या व्हुएल्टात, तीन टप्पे जिंकून तिसरा आला. पुढच्या वर्षी थेट तूर द फ्रान्स जिंकली! सेक्सास 2025 संपेपर्यंत अशा शर्यतीत उतरलेलाच नव्हता.

आज पैज लावायची तर मी पोगाचारवरच लावीन. पोट्ट्याला अजून दोन-तीन उन्हाळे द्या.