गेज स्वतः काढायचं असेल तर: विनफॉर्म्स की डब्ल्यूपीएफ?

विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ ही विंडोजवरच्या सॉफ्टवेअरच्या खिडक्या बनवायची मायक्रोसॉफ्टची साधनं. तयार बटणं आणि टेक्स्टबॉक्स पुरत नाहीत, कंट्रोल (म्हणजे खिडकीतला असा एकेक भाग) स्वतःच काढावं लागणार, पण कशात, हे ठरत नसेल तर माझा अनुभव सांगतो. भोसरीतल्या एका वर्कशॉपसाठी हायड्रॉलिक प्रेसचं प्रेशर दाखवणारं गोल गेज मी आधी विनफॉर्म्समध्ये केलं, मग डब्ल्यूपीएफमध्ये.

विनफॉर्म्सचं गेज दोन दिवसांत उभं राहिलं. कंट्रोल काढणारं ऑनपेंट फंक्शन ओव्हरराइड करायचं, म्हणजे आपलं लिहायचं; ड्रॉआर्कने कमान, ड्रॉलाइनने काटा, रीडिंग बदललं की इनव्हॅलिडेट, म्हणजे पुन्हा काढायला सांगायचं. काटा हलला की सगळी तबकडी लुकलुकायची, ती डबलबफर्ड (चित्र आधी मेमरीत पूर्ण काढून मग दाखवणं) चालू केल्यावर थांबली. काय कुठल्या क्रमाने काढलंय ते कोड वाचतानाच दिसतं, हे मला आजही आवडतं.

घोळ झाला तो बसवायला गेल्यावर. माझ्या मशीनवर विंडोजचं स्केलिंग (स्क्रीनवरचं सगळं मोठं दाखवायची सेटिंग) 100 टक्के, सुपरवायझरच्या लॅपटॉपवर 150. फॉन्ट पॉइंटमध्ये होता, ते माप स्केलिंगबरोबर वाढतं, म्हणून आकडे दीडपट झाले. त्रिज्या मी पिक्सेलमध्ये लिहिलेली, ती तेवढीच राहिली. 180, 200, 220 एकमेकांवर चढले. ‘‘सर, काटा लाल पट्ट्यात आहे का बाहेर, तेच कळंना,’’ सुपरवायझर म्हणाले. प्रेसपाशी उभ्या असलेल्या माणसाला हे विचारावं लागतं, हे मला फार लागलं. उपाय आहे: प्रत्येक मापाला डिव्हाइसडीपीआय (इंचामागे पिक्सेल, 100 टक्के स्केलिंगला 96) भागिले 96 ने गुणायचं. मी गुणलं. पण काट्याची जाडी राहून गेली, ती निस्तरली तर लाल पट्ट्याची रुंदी सापडली. एक माप विसरलं की ते थेट गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवरच दिसतं.

डब्ल्यूपीएफमध्ये मापाचं एककच इंचाचा 96 वा भाग. आकडे आणि त्रिज्या एकाच प्रमाणात वाढतात, गुणाकार आपल्याला करावा लागत नाही. शिवाय काढलेलं ते लक्षात ठेवतं. तबकडी एकदा काढली की काट्याला फिरवायला नुसता रोटेटट्रान्सफॉर्म पुरतो.

ते शिकायला मात्र मला वेळ लागला. ऑनरेंडरमध्ये (डब्ल्यूपीएफचं ऑनपेंट) काढत असाल आणि रीडिंग ठेवणाऱ्या डिपेंडन्सी प्रॉपर्टीला अफेक्ट्सरेंडर (बदललं की पुन्हा काढ, ही खूण) लावायचं राहिलं, तर व्हॅल्यू बदलते पण चित्र ढिम्म. बारीक रेघा धूसर दिसतात, त्यांना पिक्सेलशी जुळवायला गाइडलाइनसेट लागतो. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या पीसीवर ॲनिमेशन अडखळू शकतं.

त्यामुळे चालू असलेल्या विनफॉर्म्स सॉफ्टवेअरमध्ये एखादाच साधा दिवा किंवा पट्टी घालायची असेल, तर तिथेच काढलेलं बरं, असं मला वाटतं. आकडे, रेघा आणि काटा असलेलं काही असेल तर मी डब्ल्यूपीएफच घेईन. जुन्या विनफॉर्म्स खिडकीतही ते एलिमेंटहोस्टमधून (डब्ल्यूपीएफचा भाग आत ठेवणारं कंट्रोल) बसवता येतं. भोसरीत मी तसंच बसवलं. शेडमधला पीसी 100 वर, सुपरवायझरांचा लॅपटॉप अजून 150 वरच, आणि दोन्हीकडे 200 चा आकडा लाल पट्ट्याच्या अलीकडे सुटा दिसतो.