तंजावरमधील पहिला दिवस आणि स्थानिक मार्गदर्शकाची सेवा

सुट्टीत तंजावरला गेल्यावर पहिल्या दिवसासाठी आम्ही हिंदी बोलणारे एक स्थानिक मार्गदर्शक ठरवले होते, आणि मराठी कुटुंबांनी अशी सेवा अवश्य घ्यावी, असे माझे ठाम मत झाले आहे. बृहदीश्वर मंदिरात अनवाणी फिरावे लागते व उन्हाने तिथली फरशी फार तापते, हे ओळखून त्यांनी आम्हाला सकाळी लवकर नेले. लहान मुले आणि आजी-आजोबा सोबत असताना ही दक्षता किती मोलाची असते, ते निराळे सांगायला नको. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या या मंदिराचे साठ मीटरहून उंच विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, कोणीही दाखवील, पण तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये भिंतीवर कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास त्यांनी आवर्जून दाखवला. तमिळ मुलखात देवनागरी अक्षरे एकेक लावत वाचताना मुले तिथून हलायला तयार नव्हती, आणि त्यांनीही घाई केली नाही.

राजवाड्यात मात्र चोळकालीन कांस्यमूर्तींचे दालन त्यांनी भराभर उरकले. नटराजाच्या मूर्तींपुढे निवांत थांबता यायला हवे होते. सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयासाठीही वेळ अपुरा पडला. म्हणून मंदिर सकाळी आणि राजवाडा दुपारच्या जेवणानंतर, अशी विभागणी आधीच ठरवून घ्यावी.