बाबांचा स्टिरिओ की माझा होम थिएटर? दुरुस्त काय करायचं, बदलायचं काय

दिवाळीच्या तोंडावर घरात रंगकाम काढलं आणि दिवाणखान्यातलं सगळं सामान गॅलरीत आलं. त्यात दोन मुक्या सिस्टीम होत्या. एक बाबांनी १९८७ साली घेतलेली: ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि लाकडी खोक्यातले दोन स्पीकर. दुसरा मी २००९ मध्ये हौसेने आणलेला ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) होम थिएटर. बायको म्हणाली, "दोन्हीपैकी एक तरी वाजतंय का? मग दोन्ही देऊन टाक." शेवटी बावीस वर्षांनी लहान असलेला गेला आणि म्हातारी राहिली. बायकोला तो माझा हट्ट वाटला. थोडा होताही. पण तुमच्याकडेही असाच पेच असेल तर वय बाजूला ठेवा आणि झाकण उघडून आत काय आहे ते बघा.

ॲम्प्लिफायरची तक्रार तीन पदरी होती. डावा चॅनल बंद, आवाजाचा नॉब फिरवला की खरखर, आणि काहीही न लावता सतत घुंऽऽ. चार स्क्रू काढल्यावर झाकण निघालं. आत धुळीची गोधडी, झुरळांचा संसार, आणि त्याखाली एक भलामोठा ट्रान्सफॉर्मर, दोन जाड कॅपॅसिटर, हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर) धातूच्या टोप्या घातलेले चार ट्रान्झिस्टर. नंबर २एन३०५५. हा ट्रान्झिस्टर १९६०च्या दशकातला, पण आजही मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला, नवा मिळतो. प्रत्येक भाग सुटा, प्रत्येकावर नंबर छापलेला. म्हणजे जे बिघडलंय तेवढंच काढायचं.

मेकॅनिकने ॲम्प्लिफायर थेट प्लगला लावलाच नाही. शंभर वॅटचा जुना तारेचा पिवळा दिवा सिरीजमध्ये घेतला, म्हणजे वीज दिव्यातूनच यंत्रात जाईल असा, आणि मग बटण दाबलं. दिवा क्षणभर झगझगला आणि हळूहळू मंद झाला. "शॉर्ट नाही, वाचला," तो म्हणाला. दिवा तसाच प्रखर राहिला असता तर आत काहीतरी शॉर्ट आहे असं समजायचं. अनेक वर्षं बंद असलेलं यंत्र "बघू तरी वाजतंय का" म्हणून घरच्या सॉकेटला लावू नका, ते याचसाठी.

खरखर नॉबखालच्या पॉटमधल्या (आवाज कमीजास्त करणाऱ्या भागातल्या) धुळीची होती. क्लीनरचा फवारा मारला, पॉट वीसेक वेळा फिरवला, गेली. घुं आवाज सुकलेल्या फिल्टर कॅपॅसिटरचा. त्यातला द्रव वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने आटतो. नवे घेताना ८५ ऐवजी १०५ अंशांपर्यंतची उष्णता सोसणारे घेतले, किमतीत फरक किरकोळच असतो. डावा चॅनल एका तडकलेल्या सोल्डरमुळे बंद होता. मजुरीसह बिल झालं २,६०० रुपये.

आता होम थिएटर. चालू केला की डिस्प्लेवर 'प्रोटेक्ट' झळकायचं आणि पाच सेकंदांत बंद. आत एकच बोर्ड, त्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढी ॲम्प्लिफायरची चिप. ती गेलेली. पूर्ण बोर्ड बदलायचा तर कंपनीकडे आता तो नाही, आणि दुसऱ्या भंगारातल्या सेटचा बोर्ड काढून बसवला तर तो किती टिकेल याची हमी कोण देणार? तपासणीचे ४०० रुपये देऊन बाहेर पडलो.

बरं, दुरुस्त झाला असता तरी काय? त्याला एचडीएमआय इनपुट नाही. डीव्हीडी आमच्याकडे कोणी लावत नाही. स्पीकर ३ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा अवरोध) आणि त्यांचे प्लग त्या कंपनीच्याच आकाराचे, त्यामुळे ८ ओहमसाठी बनवलेल्या बाबांच्या ॲम्प्लिफायरलाही ते लावता येईनात. पुढे ठसठशीत अक्षरांत '१००० वॅट' आणि मागच्या बारीक पट्टीवर वीजवापर दीडशे वॅटच्या आत. हे गणित मी घेताना का केलं नाही, कोण जाणे.

स्पीकरचा निकाल मात्र वेगळा लावायला हवा, कारण स्पीकरमध्ये खराब होतं ते बहुतेक वेळा एकच. वूफरच्या (जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरच्या) कोनाभोवती, म्हणजे शंकूभोवती, जी मऊ कड असते तिला बोटाने हलकेच दाबून बघा. फोमची असेल आणि जुनी असेल तर बोटाला काळा चिकट भुगा लागेल. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हा फोम आणखी लवकर सडतो. रबराची किंवा कापडाची कड बरीच जास्त टिकते. कड गेली म्हणून स्पीकर टाकू नका. मात्र दुकानात 'कड बदला' असंच सांगा. अख्खा कोन बदलला तर आवाजाचा बाजच बदलतो, आणि काही जण तेच सोपं म्हणून करून मोकळे होतात. दोन्ही हातांनी कोन सरळ आत ढकलला आणि घासल्याचा आवाज आला तर कॉईल (कोनामागची तारेची गुंडाळी) गेली, तिथे खर्च वाढतो. आमच्या दोन्ही कडांचे १,५०० झाले.

दुरुस्त होऊन आलेला ॲम्प्लिफायर लगेच स्पीकरला जोडू नका, हे सांगायचं राहिलं. त्या काळातल्या कित्येक ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकर वाचवणारा रिले (आपोआप जोडणी तोडणारा स्विच) नसतो. आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की डीसी (एकाच दिशेचं) व्होल्टेज थेट वूफरवर जातं आणि कॉईल जळते. मेकॅनिकला सांगून तुमच्यासमोर स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून घ्या. मिलिव्होल्टमध्ये आकडा आला तर ठीक, पूर्ण व्होल्टमध्ये आला तर तो परत टेबलावर.

कॅसेट डेकचा रबरी बेल्ट वितळून डांबर झाला होता. बेल्ट स्वस्त असतो, ते डांबर पुसण्याचीच मजुरी. डेक दुरुस्त करावा तो फक्त दुसरीकडे कुठेच नसलेल्या कॅसेटसाठी. आमच्याकडे माझ्या बारशाची आहे, तिच्यात पाळण्यापेक्षा कुकरच्या शिट्ट्या जास्त ऐकू येतात. ती लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि डेकला रजा दिली. सीडी प्लेयरची लेन्स पुसूनही डिस्क वाचत नसेल तर पैसे घालू नका. रेकॉर्ड प्लेयरची सुई मिळत असेल तर जरूर घाला.

मग नवं काय घ्यावं? टीव्हीवरचे संवाद नीट ऐकू यावेत एवढीच गरज असेल तर साउंडबार उत्तम. एक केबल, टीव्हीच्याच रिमोटवर आवाज, घरातल्या ज्येष्ठांना शिकवावं लागत नाही. आईसाठी आम्ही १३,००० चा घेतलाच. पण वॉरंटी एका वर्षाची आणि आत पुन्हा एकच बोर्ड, हे माहीत असू द्या. गाणी बसून ऐकायची असतील तर त्याच पैशात जुना स्टिरिओ उभा राहतो आणि वर पैसे उरतात. आमच्यात नऊशेचा ब्लूटूथ रिसीव्हर ऑक्सला (बाहेरचं यंत्र जोडायच्या जागेला) लावला, मोबाइलवरचं सगळं त्यावर वाजतं.

मात्र जुनं म्हणजे दुरुस्त होणारच, असंही नाही. ट्रान्सफॉर्मर जळला असेल तर तो गुंडाळून घेण्यात खर्च आणि खेटे दोन्ही, मी तरी सोडून देईन. दुसरी अडचण एसटीके आयसीची. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या कित्येक स्टिरिओत सुट्या ट्रान्झिस्टरऐवजी ही जाड काळी वीट असते. तिच्यातल्या बऱ्याच जुन्या नंबरांचं उत्पादन बंद आहे आणि बाजारात डुप्लिकेट भरपूर. छपाई हुबेहूब, आवाज वाढवला की महिन्याभरात धूर. तुमच्या सेटमध्ये ती गेली असेल तर आधी मेकॅनिकला विचारा, ओरिजिनल कुठून आणणार आणि किती दिवसांची हमी देणार. उत्तर देताना तो इकडेतिकडे बघायला लागला तर सेट उचला आणि घरी या. काम दिलंच तर काढलेले जुने पार्ट पुडीत बांधून परत मागा. जे बदललं म्हणून पैसे लावले, ते पुडीत असलंच पाहिजे.