अचूक मोजमापाचे प्रशिक्षण : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

साकीनाक्याच्या आमच्या टर्निंगच्या (लेथवर धातूचे भाग कातण्याच्या) कारखान्यातील ऑपरेटरांनी पावसाळ्याआधी गुणवत्ता तपासणी आणि अचूक मोजमापाचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण घेतले. त्यातले मशीनवर नेमके किती उतरले, हे काही महिने गेल्याशिवाय कळत नाही, म्हणून आता सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत मोलाचा भाग होता तो मोजमापातच असलेल्या फरकाचा. तीन ऑपरेटर, दहा जॉब (मशीनवर तयार झालेले भाग), आणि क्रमांक झाकून प्रत्येकाने प्रत्येक जॉब पुन्हा पुन्हा मोजायचा, असा तो प्रयोग असतो. एकूण फरकात मोजमापाचा वाटा १० टक्क्यांच्या आत असला तर पद्धत चांगली, ३० टक्क्यांच्या पुढे गेला तर ती स्वीकारायची नाही, असा रूढ निकष आहे. आमच्याकडे २५ मिमीच्या शाफ्टला एच ६ फिट (मापातल्या चालणाऱ्या फरकाचा प्रमाणित दर्जा) लागतो, म्हणजे सगळी मिळून १३ मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) मुभा. ती ०.०१ मिमी लीस्ट काउंटच्या (वाचता येणाऱ्या सर्वांत लहान मापाच्या) मायक्रोमीटरवर तपासली जात होती, म्हणजे जेमतेम एका रेघेच्या अंतरात पास की रिजेक्ट हे ठरत होते. प्रयोगाचे आकडे समोर आल्यावर त्या शाफ्टसाठी एक मायक्रॉन दाखवणारा मायक्रोमीटर घेतला आणि पाळी बदलताना होणारे वाद जवळजवळ थांबले.

हाताची सवयही बदलली. आमचा एक जुना टर्नर पूर्वी मायक्रोमीटरचे थिंबल (फिरवायची नळी) बोटांनी आवळून माप घेत असे. आता तो आधी स्वच्छ कागद मोजणाऱ्या दोन्ही फेसांमध्ये हलकेच धरून ओढून काढतो, शून्य तपासतो आणि जॉबवर रॅचेटचे (दाब सारखा ठेवणाऱ्या टोकाच्या मुठीचे) टक-टक ऐकूनच रीडिंग घेतो. हे त्याला कोणी आठवण करून द्यावे लागत नाही, याचे मला फार समाधान आहे.

तापमानाचा धडा मुंबईसाठी विशेष महत्त्वाचा आहे. ड्रॉइंगवरची मापे २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात आणि आमच्या शेडमध्ये मे महिन्यात पारा सहज ३५ वर असतो. जॉब पोलादी असेल आणि साधनाइतकाच थंड झालेला असेल, तर दोन्ही सारखेच वाढतात व फारसे बिघडत नाही. ॲल्युमिनियम मात्र पोलादाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे १०० मिमीच्या बोअरमध्ये (गोल भोकात) एवढ्या तापमानाला सुमारे १७ मायक्रॉनचा फरक पडतो. एच ७ची मुभा तिथे ३५ मायक्रॉन, म्हणजे निम्मी तिथेच संपते. वातानुकूलित खोलीत जॉब काही वेळ ठेवूनच अंतिम माप घ्यायचे, हा नियम आम्ही यातूनच केला.

उणिवाही सांगायला हव्यात. कंट्रोल चार्टचा, म्हणजे मापे वेळोवेळी आलेखावर मांडून ती मर्यादेत आहेत का हे पाहण्याचा, भाग घाईत उरकला गेला. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्टने १९२४ साली मांडलेली ही पद्धत मशीनवर उभ्या असलेल्या माणसासाठीच आहे, तरी सूत्रे लिहून देण्यावरच भर राहिला आणि बिंदू मर्यादेबाहेर गेल्यावर आधी टूल पाहायचे, कूलंट की क्लॅम्पिंग, हे कोणीच शिकवले नाही. पुस्तिका सगळी इंग्रजीत होती. आम्ही तिचा मराठी गोषवारा काढून प्रत्येक मशीनजवळ लावला, त्यानंतर चार्ट नियमित भरले जाऊ लागले. दमट हवेत स्लिप गेज (मापाची साधने पडताळण्याचे अचूक मापाचे ठोकळे) गंजतात, घामट बोटांचे ठसे त्यांवर उमटतात. ते पुसून पेट्रोलियम जेली लावून ठेवण्याबद्दल तर ओझरता उल्लेखसुद्धा नव्हता.

लहान कारखान्यांनी हे प्रशिक्षण जरूर घ्यावे, मात्र केवळ ऑपरेटरांना पाठवून थांबू नये. रीडिंगवर शंका आली म्हणून मशीन थांबवणाऱ्या ऑपरेटरला "माल आजच जायचा आहे" असे उत्तर मिळाले, तर तो पुढच्या वेळी शंका बोलून दाखवणार नाही. म्हणून पुढच्या तुकडीत आम्ही दोन्ही पाळ्यांचे सुपरवायझर आणि डिस्पॅच पाहणारे सहकारी यांची नावे दिली आहेत.