डु बॉइस यांची कागदपत्रं, घरबसल्या

एम.ए.ला वंशवाद शिकवताना क्रमिक पुस्तकात डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद येतो. म्हणून मी आता वर्गात सरळ ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा 'क्रेडो' हा ऑनलाइन संग्रहच उघडतो. पैसे पडत नाहीत. त्यांची पत्रं, भाषणं, लेखांचे खर्डे, फोटो असा लाखभर ऐवज, मूळ कागदाच्या स्कॅनसकट.

हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे हे पहिले कृष्णवर्णीय, साल 1895. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डाचा, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीचा, अभ्यास करायला बोलावलं. गडी दारोदार हिंडला, सुमारे अडीच हजार कुटुंबांची माहिती गोळा केली. विद्यापीठाने मात्र शिकवायला एक तास दिला नाही, अध्यापकांच्या यादीत नावही घातलं नाही. (आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या मंडळींना हे फोड करून सांगायला नको.)

मग अटलांटा विद्यापीठात नोकरी. 1899 मध्ये तिथून जवळच जमावाने सॅम होज या कृष्णवर्णीय मजुराला जिवंत जाळलं. डु बॉइस निवेदन घेऊन वर्तमानपत्राच्या कचेरीकडे निघाले, तर वाटेत कळलं की होजची बोटांची पेरं एका किराणा दुकानात मांडून ठेवलीत. ते माघारी फिरले. माणसं अशी मारली जात असताना नुसती आकडेवारी जमवत बसणं त्यांना जमेना. 1910 मध्ये अटलांटा विद्यापीठ सोडून ते न्यूयॉर्कला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीचं 'द क्रायसिस' मासिक काढायला गेले, ते 1934 पर्यंत.

आपल्या वाचकाने आधी शोधपेटीत इंग्रजीत आंबेडकर टाकावं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागणारं बाबासाहेबांचं 1946 चं पत्र समोर येतं. अस्पृश्यांची आणि त्यांची स्थिती इतकी सारखी, की त्यांचा अभ्यास करणं गरजेचंच आहे, असं ते लिहितात. डु बॉइस यांचं 31 जुलैचं उत्तरही आहे: तुमचं नाव ऐकून आहे, अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. एका मुलीने फोनवर बाबासाहेबांची सही मोठी करून शेजारणीला दाखवली, मग तो फोन बाकांवरून फिरत राहिला. माझा उरलेला तास गेला!

हस्तलिखित पत्रं वाचताना डोळ्यांचं काम निघतं, फोनवर तर नकोच. नुसतं डु बॉइस टाकलं तर ढीग अंगावर येतो. एखादं साल धरून बघा. 1951 घ्या: परदेशी हस्तक असून तशी नोंदणी केली नाही म्हणून त्यांच्यावर खटला भरला आणि न्यायाधीशांनी निर्दोष सोडलं, ते वर्ष.