महाराजबाग की गोरेवाडा?

सुट्ट्यांत पाहुणे नागपूरला आले की प्राणी बघायला कुठं जायचं, हा प्रश्न निघतोच. आम्ही पोरांना घेऊन दोन्हीकडे जाऊन आलो.

महाराजबाग सीताबर्डीला लागून. भोसल्यांच्या या बागेत १८९४ साली प्राणिसंग्रहालय झालं, आता ते कृषी विद्यापीठाकडे आहे. माझं लहानपण तिथं गेलं. आजीला बाकावर बसवायचं, पोरांना हिंडवायचं, तासा-दीड तासात घरी. कडेवरचं लेकरू सोबत असेल तर मी आजही तिकडेच जा म्हणेन.

गेल्या हिवाळ्यात मात्र बिबट्याच्या पिंजऱ्यापुढे मन उडालं. तो झोपला होता. चार-पाच पोट्टे कठड्यावर पाण्याची बाटली आपटत, शिट्ट्या मारत होते. "उठ ना बे!" बिबट्यानं डोळे उघडले, भिंतीकडे तोंड फिरवलं आणि शेपटी नाकावर ओढून घेतली. त्याला याहून लांब जाताच येत नव्हतं. दोष त्या पोरांचा, हे मान्य. पण ते तोंड फिरवणं माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

गोरेवाड्यात माणसं काही वेगळी नसतात. २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालेल्या या सफारीत वाघ, बिबट, अस्वल आणि हरणं-नीलगायींना कुंपणाआत आपापलं रान आहे, आपण बसमध्ये. आमच्या बसमध्येही वाघ दिसताच कल्ला झाला. वाघ उठला, आळोखेपिळोखे दिले आणि झाडीत शिरला. सगळे हळहळले. मला फार बरं वाटलं.

तिकीट महाराजबागेपेक्षा बरंच जास्त, शिवाय गावाबाहेर असल्यानं गाडी असलेली बरी. प्राणी दिसेलच असंही नाही. मे महिन्यात भर दुपारी गेलात तर कदाचित नुसतं वाळलेलं गवत बघून परताल. जमलं तर थंडीत, सकाळच्या पहिल्या फेरीला जा.

आम्हाला त्या फेरीत अस्वल दिसलं. वारूळ उकरत होतं. त्याला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं. चालकानं इंजिन बंद केलं तेव्हा तो फुर्रफुर्र आवाज बसपर्यंत आला. नाकाला माती लागली होती. त्यानं एकदाही मान वर केली नाही.