जाळीचे, काचेचे की छोटे: कॅबिनेटची निवड आणि आतली जुळणी

ज्याचा प्रोसेसर, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड ठरले आहे, पण कॅबिनेटपाशी, म्हणजे हे सगळे भाग बसवायच्या पेटीपाशी, घोडे अडले आहे, अशा वाचकासाठी हा आढावा आहे. मॉडेले शेकडो असली तरी निवड मुळात तीन घडणींत करायची असते: पुढून जाळी असलेला नेहमीचा मिड-टॉवर (मध्यम उंचीचे उभे कॅबिनेट), पुढून व बाजूने काच असलेले दोन कप्प्यांचे रुंद कॅबिनेट, आणि मिनी-आयटीएक्स या लहान मापाच्या मदरबोर्डापुरते छोटे कॅबिनेट. माझा कल पहिल्याकडे आहे हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे पुढचे वाचताना त्याची वजावट करता येईल.

तिन्ही घडणींचा सांगाडा एकाच कुळातला आहे. इंटेलने १९९५ साली एटीएक्स हे प्रमाण आणले आणि मदरबोर्डाचे माप ३०५ × २४४ मिलिमीटर, स्क्रूच्या भोकांच्या जागा व मागच्या जोडण्यांची खिडकी ठरवून दिली. मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४४ × २४४ मिमीपर्यंत असतो, तर व्हीआयए कंपनीने २००१ साली पुढे आणलेला मिनी-आयटीएक्स १७० × १७० मिमीचा. लहान बोर्डांची भोके मोठ्यांशी जुळती ठेवलेली असल्यामुळे एटीएक्स कॅबिनेटमध्ये सहसा हे तिन्ही बसतात. बोर्डाची मापे तेव्हापासून जागची हललेली नाहीत. वाढले ते बोर्डावर आणि बोर्डाभोवती बसणारे सामान. ग्राफिक्स कार्डे ३०० मिमीच्या पुढे गेली आणि बोर्डावरच्या तीन-तीन खाचांची जागा अडवू लागली, प्रोसेसरचे कूलर दीडशे मिमीपेक्षा उंच झाले, आणि पाण्याच्या कूलरांसोबत पाण्यातली उष्णता हवेत सोडणारे जवळजवळ ४०० मिमी लांबीचे रेडिएटर आले. त्यामुळे बोर्ड बसतो का, या प्रश्नात आता फारसे काही उरलेले नाही. बाकीचे सगळे एकाच वेळी बसते का, हे पाहावे लागते.

इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण तपशीलपत्रकातला प्रत्येक आकडा एकेकटा खरा असतो आणि सगळे मिळून खरे असतीलच असे नसते. समजा, कॅबिनेटवर ‘ग्राफिक्स कार्ड ४०० मिमीपर्यंत’ असे लिहिले आहे आणि पुढच्या बाजूला ३६० मिमीचा (म्हणजे १२० मिमीच्या तीन पंख्यांचा) रेडिएटर बसतो असेही लिहिले आहे. रेडिएटरची जाडी साधारण २७ मिमी आणि पंख्याची २५ मिमी, म्हणजे ५२ मिमी गेले व उरले ३४८. कार्ड ३३० मिमीचे असेल तर काम भागते. पण रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना पंखे लावायचा बेत असेल तर उरतात ३२३ आणि तेच कार्ड सात मिमीने अडते. वरच्या बाजूचेही तसेच आहे. छताला २४० मिमीचा रेडिएटर घेणारी कित्येक कॅबिनेटे २८० मिमीचा घेत नाहीत, कारण २८० मध्ये १४० मिमीचे पंखे असतात आणि वीस मिमीची ती जादा रुंदी रॅमच्या पट्ट्यांवर येते. नव्या मोठ्या कार्डांच्या सोळा पिनांच्या वीजजोडणीबाबत तर जोडणीपासून सुमारे ३५ मिमीपर्यंत केबल वाकवू नये, असे सांगितले जाते. म्हणजे कार्ड १४० मिमी रुंद असेल तर त्याच्या कडेपासून काचेपर्यंत तेवढी जागा आणखी हवी, आणि हा आकडा तपशीलपत्रकात बहुधा नसतोच.

मी स्वतः यात एकदा सापडलो आहे. कॅबिनेटची कूलरची मर्यादा १७० मिमी होती आणि दोन मनोऱ्यांचा कूलर १६५ मिमीचा, म्हणजे कागदावर पाच मिमी शिल्लक. रॅमच्या पट्ट्या मात्र शोभेच्या टोपीसकट ४४ मिमी उंच होत्या आणि कूलरच्या पुढच्या पंख्याखाली जागा होती ३२ मिमीची. पंखा बारा मिमी वर सरकवून क्लिपा अडकवल्या, सगळे छान बसले, आणि बाजूची काच लावायला गेलो तर ती सात मिमी उघडीच राहिली. शेवटी तो पंखा काढून कूलरच्या मागच्या अंगाला लावला. तापमानात फारसा फरक पडला नाही, हे माझे नशीब. तेव्हापासून कॅबिनेट घेण्याआधी मी मदरबोर्ड, रॅम, कूलर, कार्ड आणि रेडिएटर यांची मापे एकाच कागदावर मांडून वजाबाकी करतो.

या वजाबाकीत जाळीचा मिड-टॉवर सर्वांत उदार ठरतो. साधारण ४५ सेंमी उंच, २२ सेंमी रुंद आणि ४६ सेंमी खोल असा टॉवर ४५ लिटरच्या आसपास जागा व्यापतो. त्यात पुढून आलेली हवा सरळ कूलर आणि कार्डावरून जाऊन मागून व वरून बाहेर पडते. ही वाट सरळ आणि आखूड आहे, हेच या घडणीचे खरे भांडवल आहे. ‘जाळी असली की आवाज बाहेर येतो’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. म्हणून पुढची बाजू बंद असलेल्या कॅबिनेटमध्ये पंखे जोरात पळवून हवा ओढण्यापेक्षा मोकळ्या जाळीमागे ते संथ फिरवणे, कामाचा ताण असताना तरी, जास्त शांत ठरते. ज्याचा संगणक दिवसभर केवळ लिखाणासाठी चालतो आणि ज्याला निःशब्द खोली हवी आहे, त्याला मात्र फोम लावलेले बंद पुढच्या बाजूचे कॅबिनेट अधिक मानवेल. जाळी निवडताना एक बघावे: काही कॅबिनेटांत बारीक जाळीच्या मागे आणखी एक धुळीची गाळणी असते, आणि अशा दुहेरी पडद्यातून हवा ओढायला पंख्यांना पुन्हा जोर लावावा लागतो. पुढे १४० मिमीचे पंखे बसत असतील तर तेच घ्यावेत. १२० मिमीच्या तुलनेत त्यांचे क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त असते.

काचेच्या दुहेरी कप्प्याची घडण लियान ली कंपनीच्या २०१८ सालच्या ओ११ डायनॅमिक या कॅबिनेटनंतर घरोघरी पोहोचली. तिच्यात एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), डिस्क आणि केबलींचा सगळा गुंता मदरबोर्डाच्या मागच्या स्वतंत्र कप्प्यात जातो, म्हणून पुढून दिसणारा कप्पा स्वच्छ राहतो. त्याची किंमत रुंदीत मोजावी लागते: ओ११ डायनॅमिक २७२ मिमी रुंद आहे. टेबलाखालच्या अरुंद खणात टॉवर जातो, हे जात नाही. पुढे काच असल्यामुळे हवा बाजूने आणि खालून आत घ्यावी लागते. खालून येणारी थंड हवा थेट ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांना मिळते, त्यामुळे कार्डासाठी ही रचना खरोखर चांगली आहे. पण तळाला पंखे बसवलेच नाहीत तर त्या कार्डाला गरम हवाच पुन्हापुन्हा फिरवत बसावे लागते. या प्रकारातली अनेक कॅबिनेटे एकही पंखा न देता विकली जातात. सहा ते नऊ पंखे, त्यांच्या जोडण्या एकत्र आणणारा हब आणि त्यांच्या केबली यांचा खर्च धरल्याशिवाय टॉवरशी तुलना करणे अन्यायाचे होईल. गालिच्यावर ठेवायचे असेल तर हा प्रकार सोडून द्यावा, कारण गालिचा तळाची वाट बंद करतो. रंगीत दिव्यांविषयी मला काही म्हणायचे नाही. ज्याला हवेत त्याला ते इथेच सर्वांत छान दिसतात.

छोट्या कॅबिनेटचा विचार जागेच्या किंवा ने-आणीच्या खऱ्या गरजेपोटी करावा; केवळ ते गोंडस दिसते म्हणून केलेला सौदा बहुधा महागात पडतो. डॅन ए४-एसएफएक्स हे या प्रकारातले ठळक उदाहरण ७.२ लिटरचे आहे, म्हणजे वरच्या टॉवरच्या सहाव्या हिश्श्याहून लहान, आणि त्यात २९५ मिमी लांबीपर्यंतचे ग्राफिक्स कार्डही बसते. हे साधते कसे, तर कार्ड बोर्डाच्या पाठीला पाठ लावून उभे करून. दोहोंना जोडणारी राइझर केबल हा मग संगणकातला आणखी एक बिघडू शकणारा भाग होतो. पीसीआयई या कार्ड-जोडणीच्या प्रमाणाच्या जुन्या ३.० प्रतीच्या राइझरवर ४.० चे कार्ड लावले की पडदा काळा राहण्याचे किंवा मध्येच गोठण्याचे प्रकार घडतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगांत) खाचेचा वेग ३.० वर बांधून टाकला की ते बहुधा थांबतात. २०२१ साली एनझेडएक्सटी कंपनीने आपले एच१ हे छोटे कॅबिनेट परत मागवले, ते राइझरचा बोर्ड ज्या स्क्रूंनी बसवला होता त्यांच्यामुळे शॉर्ट सर्किट होऊन आग लागण्याचा धोका आढळल्यामुळे.

त्याशिवाय ए४ मध्ये कूलरला उंची मिळते ती फक्त ४८ मिमी, रॅमला दोनच खाचा, आणि एसएमपीएस नेहमीच्या १५० × ८६ मिमी तोंडाचा न चालता १२५ × ६३.५ मिमीचा एसएफएक्स लागतो. त्याच्या लांब केबली आत मावत नाहीत म्हणून जुन्या एसएमपीएसच्या आखूड केबली लावून पाहण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळावा. सुट्या केबलींच्या एसएमपीएसकडील टोकाला पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिकही, वेगळी असते. प्लग बिनबोभाट बसतो आणि डिस्क जळते. दहा लिटरच्या हट्टाऐवजी मायक्रो-एटीएक्स बोर्ड घेणारे वीस ते तीस लिटरचे कॅबिनेट पाहिले, तर यातल्या बहुतेक अडचणी उरत नाहीत, आणि मला विचाराल तर जागेची चणचण असलेल्यांपैकी निम्म्यांना तेच हवे असते.

प्रत्यक्ष जुळणीत तिन्ही प्रकारांतला फरक हाताला कळतो. टॉवरमध्ये प्रोसेसर, रॅम, एम.२ डिस्क (बोर्डावरच बसणारी पट्टीसारखी डिस्क) आणि कूलरची बैठक बोर्डावर बाहेरच बसवावी, स्टँडऑफ (बोर्डाला पत्र्यापासून उचलून धरणाऱ्या पितळी खुंट्या) तपासावेत आणि मग बोर्ड आत घ्यावा. एटीएक्स कॅबिनेटमध्ये मायक्रो-एटीएक्स बोर्ड बसवताना एखादा स्टँडऑफ बोर्डाच्या भोक नसलेल्या जागी येऊ शकतो; तो काढला नाही तर पितळ थेट सोल्डरला टेकते. त्याहून सतावणारी गोष्ट म्हणजे प्रोसेसरची आठ पिनांची वीजकेबल. ती बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, पत्र्यातल्या बोटभर फटीतून येते, आणि छताला रेडिएटर एकदा लागला की तिथे बोटे जातच नाहीत. ती आधी ओढून घ्यावी, रेडिएटर नंतर. रेडिएटर पुढे लावला तर त्याचे वरचे टोक पंपापेक्षा उंच राहील असे पाहावे, म्हणजे पाण्यातली हवा पंपात न साठता वर जाईल.

काचेच्या कॅबिनेटमध्ये दोन बाजू निघत असल्याने हात मोकळे फिरतात आणि नवशिक्याला जुळणी सोपी वाटते. जिकिरीचे होते ते मागच्या कप्प्यात नऊ पंख्यांच्या केबली बांधणे. छोट्यात क्रम चुकला की माफी नाही: एक केबल विसरली तर कार्ड, राइझर आणि कधी एसएमपीएसही पुन्हा बाहेर काढावा लागतो.

काही खबरदाऱ्या सगळीकडे सारख्याच आहेत. पुढच्या यूएसबी ३.० ची जाड केबल एकोणीस पिनांच्या जोडणीत तिरकी घातली की पिना वाकतात, म्हणून ती सरळ धरून खाली दाबावी आणि काढताना हलवू नये. पॉवर व रीसेटच्या बटणांच्या तारा कशाही लावल्या तरी चालतात, दिव्यांच्या मात्र धन-ऋण बघून लावाव्या लागतात. हार्ड डिस्कचे स्क्रू रुंद आट्यांचे असतात आणि एसएसडीचे एम३ बारीक आट्यांचे. दोन्ही एकाच पिशवीत येतात, आणि फिरवताना तिसऱ्या फेऱ्यालाच घट्ट वाटले तर स्क्रू चुकीचा आहे असे समजावे. काढलेली काच फरशीवर कोपरा टेकवून उभी करू नये. टफन्ड काच मधोमध बराच मार सोसते, पण कडेला बसलेल्या हलक्या टोल्यानेही तिचा क्षणात चुरा होतो. ती घडीच्या टॉवेलवर आडवी ठेवावी. धुळीचे म्हणाल तर बाहेर फेकणाऱ्या पंख्यांपेक्षा आत घेणारे थोडे वरचढ ठेवले की हवा गाळण्यांतूनच येते, फटींतून नाही; गाळणी कॅबिनेट न हलवता काढता येते का, हे मात्र आधी पाहावे, नाहीतर ती कधी धुतली जात नाही.

घरात जुना एटीएक्स टॉवर पडून असेल तर वरच्या तिघांआधी त्याचा विचार करावा. बोर्ड त्यात बसणारच. डिस्कचे पिंजरे रिव्हेट लावून बसवलेले असतील तर बारा-तेरा इंची कार्डाला ते आड येतील. रिव्हेट ड्रिलने उडवून पिंजरा काढता येतो, फक्त लोखंडाचा कीस झाडून घेतल्याशिवाय बोर्ड आत नेऊ नये. पुढचे बंद प्लास्टिक काढून आतल्या पत्र्याची भोके मोकळी करावी, एक १२० मिमीचा पंखा पुढे आणि एक मागे लावावा, आणि तासभर ताण देऊन तापमान पाहावे. पुढच्या बाजूला फक्त जुने यूएसबी २.० असले तरी बोर्डाच्या मागच्या जोडण्यांवर काम भागते.